जोत्याची पट्टी हिरवीच

मध्ये बोलू नका हां कुणी, मध्ये बोललात की माझी लिंक तुटते. आधी हे बघा. आऽऽ. दिसला? त्या बाजूला नाही रे, डावीकडं, एकदम मागं. खड्डा. तिथं माझी अक्कलदाढ होती. त्या दाढेपायी अख्ख्या हॉस्टेलनं मला उदास पोरगा म्हणून तळहातावर झेलला. मला! आणि जो खरोखर आतून बुडत होता, त्याला पहाटे उठवून ग्राउंडवर पळवला. हसू नका. म्हणजे हसा, पण मग ऐका.

तुमच्या कॉलेजात तेव्हा पट्टी आली नव्हती बहुतेक. आमच्याकडं पहिल्याच झटक्यात आली. आमचं कॉलेज डेअरीचं, पन्हाळ्याच्या पायथ्याला, सगळी पोरं म्हशीवाल्यांच्या घरातली. मी शिरोळचा, आणि माझा रूममेट राधानगरीकडचा जोतिराम खाडे. जोत्या.

पट्टी म्हणजे काय, तर बोटाएवढं पारदर्शक चिकट, दंडाला लावायचं. घामातनं तुमच्या अंगातला दाह, म्हणजे आतली सूज, मोजते आणि फोनवर रंग दाखवते. हिरवा, पिवळा, लाल. आता तुम्ही म्हणाल दाहाचा आणि मनाचा काय संबंध. आहे ना! तुम्हाला सणकून ताप येतो तेव्हा काय होतं आठवा. जेवण नको, कुणी बोलायला नको, लाईट नको, भिंतीकडं तोंड करून पडावं वाटतं. ते तापामुळं नसतं, शरीर मुद्दाम करतं. आत जंतूंशी लढाई चालू असते, म्हणून रक्तातनं मेंदूला निरोप जातो की बाबा, गप पडून राहा, ताकद इकडं लागणार आहे. निरोप नेणाऱ्या पदार्थांना सायटोकाइन म्हणतात. लढाई संपली की निरोप थांबतो आणि तुम्ही उठून भेळ खायला जाता. पण काही पोरांच्यात तो थांबतच नाही. चूल विझलीय असं वाटतं आणि राखेखाली विस्तव तसाच. ताप नाही, खोकला नाही, पण मेंदूला चोवीस तास तोच निरोप. पडून राहा, कशात राम नाही. हे शास्त्रज्ञांनी तपासलंय, खोटं नाही.

फक्त एक गोष्ट सगळे विसरले. हे *काहींच्यात* असतं. उदास असलेल्या तीन-चार पोरांतल्या एकाच्यात, साधारण. बाकीच्यांचं मन बुडतं ते दुसऱ्या वाटांनी, आणि त्या वाटा घामात दिसत नाहीत.

पण आकडा मिळाला ना एकदा! आधी कुणी म्हटलं मला बरं वाटत नाही, तर लोक म्हणायचे नाटकं करतोय. आता लाल दिसलं की रजा, हजेरी माफ, शिरगावकर मॅडमकडं समुपदेशन, दाह उतरवणारं इंजेक्शन. पहिल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा एक पोरगा त्या इंजेक्शननं खरंच उभा राहिला, आम्ही डोळ्यांनी बघितलं. मग काय, झाला नियमच. लाल म्हणजे आजारी, हिरवा म्हणजे ठणठणीत.

आणि जोत्या हिरवा. गवतासारखा हिरवा!

आता जोत्या कोण होता हे सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी का चिडलोय. दुधाची चव घेऊन जोत्या सांगायचा की म्हशीनं उसाचं वाढं खाल्लंय की कडबा. चव परीक्षणाच्या प्रॅक्टिकलला आम्ही अंदाजपंचे लिहायचो आणि तो एकदा जिभेवर घेऊन डोळे मिटायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला, सगळ्या वाट्या चाखून झाल्यावर, उभा राहून म्हणाला, "सर, कशालाच चव नाही."

सगळा वर्ग फुटला. घोरपडे सर, आमचे दूध-तपासणीचे, तेच हॉस्टेलचे रेक्टर, ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "खाडे, दुधाला चव नाही की तुला अक्कल नाही?" परत हशा. मी पण हसलो. शून्य मार्क.

त्यानंतर तो हळूहळू कमी व्हायला लागला. कसं सांगू, म्हणजे खोलीत असायचा, पण कमी. आंघोळ एक दिवसाआड, मग तीही नाही. मी आपला बोलत असायचो, तुम्हाला माहितीय मी किती बोलतो, तो हूं म्हणायचा, मग हूंपण बंद. एकदा स्वतःहून मॅडमकडं गेला. मॅडम वाईट नाहीत हो, पण त्यांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "अरे, छान हिरवा आहेस की. जरा व्यायाम कर, मोबाईल कमी कर." घरी फोन केला तर आई म्हणाली, "पट्टी हिरवी हाय न्हवं? मग काय झालंय तुला? उगं घाबरवू नगंस." आणि घोरपडे सरांनी त्याचं नाव घातलं पहाटेच्या पळण्याच्या यादीत. ओढून न्यावं लागायचं, नाहीतर जायचा नाही. हजेरी घसरत चालली. परीक्षेला बसता येईल की नाही अशी वेळ.

एकदा मला म्हणाला, "सन्म्या, मला वाटतंय मीच खोटा आहे. मशीन कसं खोटं बोलंल?"

त्या वाक्यानं मला भीती वाटली. खरी भीती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझी पट्टी लाल झाली. भडक! मी मेसमध्ये चौथी भाकरी खात होतो, हातात ठेच्याची वाटी, आणि फोन कोकलायला लागला. मॅडम धावत आल्या. ताटावरनं उठवलं मला.

"सन्मती, किती दिवस चाललंय हे?"

"काय मॅडम? जेवण?"

"बघ, विनोदाच्या मागं लपू नकोस. घरी काही ताण? वडलांशी बोलणं होतं?"

"रोज होतं की. कालच म्हैस व्याली, रेडी झाली, पेढे—"

"तू दाबून ठेवतोयस," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातावर हात ठेवला. "मला कळतंय."

मी ठीक आहे म्हटलं की त्या जास्तच हळव्या व्हायच्या. माझी रजा मंजूर. खोलीत फळं यायला लागली. घोरपडे सर, ज्यांनी आयुष्यात मला आडनाव मोडून 'मगद्या' सोडून हाक मारली नव्हती, ते म्हणाले, "काय सन्मती बाळ, झोप लागली का?" बाळ! आणि शेजारच्या कॉटवर जोत्या भिंतीकडं तोंड करून पडलेला, त्याला म्हणाले, "खाडे, ऊठ. आजारी मित्राला त्रास देऊ नकोस."

मी सांगतो तुम्हाला, भिंतीवर डोकं आपटावं वाटलं.

मला कळलं कधी, तर म्हशीच्या सडांवरच्या, म्हणजे आचळांवरच्या लेक्चरला. सर दगडी शिकवत होते, म्हणजे म्हशीच्या कासेची सूज. म्हणाले, "चार सडांतल्या एका सडाला सूज असली, वरनं दिसत नसली, तरी अख्ख्या बादलीत पेशी वाढलेल्या दिसतात. बादली बघून सगळी म्हैस खराब म्हणू नका. सड शोधा." आणि माझी जीभ आपोआप गेली मागं. अक्कलदाढेवर. हिरडी टम्म फुगलेली, महिनाभर ठणकत होती. डॉक्टरला घाबरून मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाल झालो त्या पहिल्याच दिवशी पट्टीच्या ॲपनं विचारलेलं, ताप, जखम, कुठं पू? मी ठोकलं, नाही. म्हटलं पट्टी मन बघते, दाढेचा काय संबंध!

म्हणजे लाल मी नव्हतो. माझी दाढ होती.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? दाढ काढली असती. मी काय केलं? अहो, मी दुधाच्या संस्थेच्या अंगणात वाढलोय. तिथं एखाद्याच्या दुधाला फॅट लागत नसली की तो काय करतो? गुपचूप दुसऱ्याच्या चांगल्या दुधाचा नमुना पुढं करतो. लहानपणापासून बघितलंय. मी जोत्याच्या दंडावरची पट्टी सोलली आणि माझ्या उजव्या दंडाला चिकटवली.

"काय करायलास?" जोत्या म्हणाला.

"तुला फॅट लागत नाहीय ना. माझी घे."

तो हसला नाही, पण ओठाचा कोपरा हलला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. भावांनो, मला वाटलं जिंकलो.

पट्टी कुणाच्या अंगावर आहे हे तिला कळत नाही, तिला फक्त आपला फोन जवळ लागतो. आणि आम्ही तर एकाच खोलीत. संध्याकाळपर्यंत जोत्या लाल. काय वर्णू! मॅडम स्वतः खोलीत आल्या, म्हणाल्या, "बाळा, आधी का नाही सांगितलंस?"

त्यानं *सांगितलं होतं!* मी उशीत तोंड घालून ओरडलो.

रजा मिळाली, हजेरी वाचली, पळणं बंद. आईचा फोन आला, रडत होती, "लेकरा, मला काय म्हाईत रं." सगळं बरोबर. आणि मग आलं इंजेक्शन.

माझं मी सुईला घाबरून पुढं ढकलत आलो होतो, म्हणून त्याचं काय होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाल म्हणजे दाह, दाह म्हणजे दाहाचं औषध. मॅडम त्याच्याशी बोलायला बसायच्या, पण बोलणं कशाबद्दल, तर आकड्याबद्दल. गेल्या आठवड्यात किती, या आठवड्यात किती. ज्याच्यात दाहच नाही त्याला ते इंजेक्शन देऊन काय होणार? वर त्यानं अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, त्याला सारखी सर्दी, पायाला गळू. आणि आकडा उतरेना, कसा उतरेल? आकडा माझ्या दाढेचा! मॅडम म्हणाल्या, औषध लागू पडत नाहीय, डोस वाढवावा लागेल.

आता बघा पेच. दाढ काढली तर जोत्या हिरवा होणार, म्हणजे 'बरा' होणार, म्हणजे परत पळायच्या यादीत. दाढ ठेवली तर त्याला वाढीव डोस. खरं सांगितलं तर दोघंही चोर. मी कुठल्या बाजूनं बघितलं तरी कुलूप. रोज ठरवायचो उद्या सांगू, आणि रोज दाढ जास्त ठणकायची. गाल सुजला. मी म्हणायचो, उशी टोचली.

आणि मग एक वेगळंच झालं. मी गप्प झालो.

खरंच. मला कळलंच नाही. सकाळी उठावं वाटेना. मेसमध्ये ठेचा समोर, हात पुढं जाईना. पोरं दारात येऊन जोक सांगायची आणि मला वाटायचं ही जातील कधी. बाहेर ऊन पडलेलं, आणि मी त्याच्याकडं काचेतनं बघावं तसं बघतोय. कशाचं दुःख नव्हतं बरं का, दुःख असतं तर परवडलं असतं. नुसतं सपाट. दाढेतला विस्तव मेंदूपर्यंत पोचला होता. मी जे सायटोकाइनचं तुम्हाला एवढं ऐटीत सांगितलं ना, ते माझ्यात चालू होतं, आणि मला ते ओळखता येत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं, हा माझा स्वभावच आहे, आधीचा बडबड्या तो खोटा.

ओळखलं कुणी? जोत्यानं.

कॉटवर उठून बसला. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "सन्म्या, तू बोलत नाहीयेस."

"हूं."

"भारताची मॅच झाली काल. तू काहीच बोलला नाहीस."

"हूं."

"तोंड उघड."

"नको."

"उघड म्हणतो ना!" आणि माझा जबडा धरला त्यानं, म्हशीला औषध पाजताना धरतात तसा. आत बघितलं आणि शिवी हासडली. मग त्यानं शर्ट घातला. भावांनो, ज्या पोरानं पंधरा-पंधरा दिवस खोलीचं दार ओलांडलं नव्हतं, त्यानं शर्ट उलटा घातला, काढला, सुलटा घातला, मला स्कूटरवर मागं बसवलं आणि कोल्हापुरात दाताच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. असं समजू नका की तो बरा झाला. रस्त्यात सिग्नलला त्याच्या डोळ्यातनं पाणी चाललेलं मी आरशात बघितलं. नुसतंच चाललेलं. तरी गाडी चालवत होता.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या सुजेत काढता येणार नाही, आधी औषध घे, मग काढू. मी म्हटलं नको, जोत्या, तू हिरवा होशील. तो म्हणाला, "होऊ दे. तुझं थोबाड बघ आधी."

गोळ्यांनी सूज उतरायला लागली, आणि तिथंच पकडलो गेलो. मॅडमनी स्क्रीनवर बघितलं तर खोली एकच, पोरं दोन, आणि आलेख हुबेहूब. एक उतरला की दुसरा उतरतो, एक चढला की दुसरा चढतो. ज्या दिवशी दाढ काढली त्याच दुपारी समितीपुढं बोलावणं.

तिथं प्राचार्य, मॅडम आणि मध्ये घोरपडे सर. बाह्या वर करायला लावल्या. माझ्या दोन दंडांवर दोन पट्ट्या, जोत्याच्या दंडावर काहीच नाही. सरांचा चेहरा असा लाल झाला की पट्टी लावायची गरज नव्हती.

"नमुना बदललास?" सर म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकून? अरे, गावच्या संस्थेत नमुना बदलणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहितात, पोराबाळांना वाचता यावं म्हणून! आणि खाडे, तू? चांगला धडधाकट असून आजारपणाचं सोंग?"

प्राचार्य म्हणाले, दोघांनाही काढून टाकावं लागेल. माझं काय होईल त्याची मला फिकीर नव्हती. मी जोत्याकडं बघितलं. तो खाली मान घालून मान हलवत होता. होय, सोंग, असं. कबूल करत होता! त्यालाच पटलं होतं! आणि माझ्या तोंडात कापूस. डॉक्टरनी सांगितलेलं, तासभर दाबून धर, एक शब्द बोलू नको. मला! एक शब्द!

मी कापूस काढला आणि रुमालात धरला.

"सर, गर्बर."

"काय?"

"तुम्हीच शिकवलंय सर. फॅटच्या मशीनवर शेतकऱ्याचा भरवसा नसेल तर त्यानं काय मागायचं? गर्बर. काचेची नळी, ॲसिड घाला, फिरवा, हातानं फॅट काढा, डोळ्यांनी वाचा. मागितली की द्यावीच लागते, नाही म्हणता येत नाही." तोंडातनं रक्त येत होतं, मी गिळत होतो. "आणि तुम्ही म्हणाला होता, मशीन गर्बरवर लावायचं असतं, गर्बर मशीनवर नाही. ही पट्टी कशावर लावली सर? आधी उदास पोरांना विचारलं असेलच ना कुणीतरी, तुला कसं वाटतंय म्हणून? त्यांच्या सांगण्यावर मशीन लावलं. आणि आता मशीनवर पोरं लावताय! नमुना मी बदलला, मला काढा, फळ्यावर नाव लिहा. पण याचं दूध परत तपासा सर. हातानं. आम्ही गर्बर मागतोय."

पुढं बोलता येईना, तोंड भरलं. मॅडमनीच उठून कापूस परत आत कोंबला आणि म्हणाल्या, "आता गप्प." आणि मला गप्प बसावं लागलं, भावांनो, सगळ्यात महत्त्वाच्या वेळी!

आधीच सांगून टाकतो, उगाच टाळ्या वाजवू नका. नियम आजही तोच आहे. काढलं कुणालाच नाही, पण माझं सत्र गेलं. मॅडमनी जोत्यासाठी त्या दिवसानंतर तीनदा उपचाराचा अर्ज भरला आणि पट्टीच्या पोर्टलनं तीनदा परत पाठवला, कारण आकड्याच्या रकान्यात लाल आकडा नव्हता. शेवटी कोल्हापुरातल्या एका मनाच्या डॉक्टरकडं घोरपडे सर स्वतः त्याला गाडीवरनं घेऊन जायला लागले, दर गुरुवारी, स्वतःच्या रजेवर. वेगळं औषध, आणि बोलणं. अजून चाललंय. कधी बरं, कधी नाही. मी अजून चिडलेलाच आहे.

पण त्या खोलीत काय झालं ते राहिलं.

प्राचार्य म्हणाले, नियमात असं बसत नाही. सरांनी ऐकलंच नाही. खुर्ची ओढून जोत्यासमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"जोतिराम," ते म्हणाले. खाडे नाही, जोतिराम. "काय होतंय तुला?"

जोत्या विजारीची घडी बोटानं सपाट करायला लागला. मला आतनं उकळी फुटत होती, मीच सांगितलं असतं, कापूस नसता तर शंभर टक्के मीच सांगितलं असतं, आणि सगळं वाटोळं केलं असतं.

मग तो बोलला, एकदम हळू. "सर, मी सांगितलं होतं. प्रॅक्टिकलला. कशालाच चव नाही म्हणून."

सरांचा चेहरा काय झाला मी सांगू शकत नाही. त्यांना आठवलं. हसणं पण आठवलं असणार.

आणि नेमका तेव्हाच जोत्याचा टेबलावरचा फोन वाजला. मोठ्यानं, गाणं लावून. पडद्यावर हिरवं फूल उमललं आणि खाली अक्षरं. अभिनंदन, जोतिराम! तुमचा दाह उतरला आहे. आता तुम्ही पूर्ण बरे आहात.

सरांनी ते वाचलं. फोन उचलला आणि पालथा ठेवला.

"हं, बोल," ते म्हणाले. "सावकाश बोल. गर्बरला वेळ लागतो."